उपाशी कॅमेऱ्याची कैफियत

लग्न ठरलं की आपल्याकडे सगळ्यात आधी मोजली जातात ती पानं. नवरामुलगा कुठे नोकरीला आहे हे माणूस एक वेळ विसरेल, पण पानं किती उठणार हा आकडा पंधरा दिवस आधीपासून तोंडपाठ असतो. गुरुजींचं पान वेगळं, खालूबाजावाल्यांची पानं वेगळी. मुंबईहून वऱ्हाड घेऊन आलेल्या बसच्या ड्रायव्हरचं आणि क्लीनरचं पान कोणीतरी वडीलधारा आवर्जून लिहून ठेवतो. व्हिडिओवाला आणि त्याची दोन पोरं यांची तीन पानंही त्यात असतात. राहून जातो तो एकच वऱ्हाडी. हळदीपासून वरातीपर्यंत तो उभा असतो, तोही तीन पायांवर. डोळ्याला डोळा लागू देत नाही. आहेरात काय आलं ते सगळं पाहतो आणि चारचौघांत बोलत नाही. जिलबी कमी पडली तरी रुसत नाही. इतका सालस पाहुणा, पण 'जेवलास का रे बाबा?' म्हणून त्याला विचारणारा माणूस अख्ख्या मांडवात सापडत नाही. हा पाहुणा म्हणजे कॅमेरा.

आज मी त्याचं वकीलपत्र घेतलं आहे. फी घेतलेली नाही, त्यामुळे जरा मोकळेपणानं बोलणार आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याला तासन् तास चित्रण करायचं आहे, त्यानं कॅमेऱ्यासाठी बाहेरची, भरपूर मोठी बॅटरी बरोबर घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये. मुंबईत ओलांडला तर एक वेळ चालेल. आमच्या बोर्ली पंचतनात तर मुळीच नाही. श्रीवर्धन तालुक्यातलं हे आमचं गाव. आसपासच्या दहा गावांचा बाजार इथे होतो, दिवेआगरच्या किनाऱ्यावर हुंदडायला निघालेल्या मोटारी इथूनच जातात, आणि लाईट? ती पाहुण्यासारखी येते आणि जावयासारखी रुसते. अशा गावात दोन प्रकारच्या माणसांशी माझं उघड वैर आहे. एक म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातल्या चिमुकल्या बॅटरीवर भिस्त ठेवणारा व्हिडिओवाला. दुसरा म्हणजे 'आपल्याकडे बोर्ड आहे की, लाव ना तिथं पिन,' असं म्हणणारा यजमान.

आधी पोटाचं बघू.

हल्लीचे कॅमेरे लहान झाले. कानाला लावायची कुडी असावी तसे नाजूक झाले. त्यांच्या पोटात बॅटरी बसते ती काड्यापेटीहून थोडी मोठी. सोनीच्या ज्या बॅटरीला धंद्यातली मंडळी 'मोठी' म्हणतात, त्या एनपी-एफझेड१०० वर १६.४ वॉट-तास असं छापलेलं असतं. तिच्या आधीची एनपी-एफडब्ल्यू५० तर साडेसातच्या आसपासच. वॉट-तास म्हटल्यावर वाचकांनी पान उलटू नये. विजेच्या बिलावर जे युनिट असतं ते म्हणजे १,००० वॉट-तास. आपला ७५ वॉटचा छताचा पंखा या 'मोठ्या' बॅटरीवर फिरवायचा म्हटला तर तेरा मिनिटांत थांबेल. कॅमेरा पंख्यापेक्षा पुष्कळ कमी खातो हे खरं. चित्रण करताना तो साधारण ८ वॉट खातो असं धरा. म्हणजे हिशेब झाला दोन तासांचा. आमच्याकडे दोन तासांत नवरदेवाचे मामा सापडत नाहीत.

यावर व्हिडिओवाला छाती पुढे काढून सांगतो, 'काका, माझ्याकडे चार बॅटऱ्या आहेत. बदलायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट!'

अर्धं मिनिट म्हणजे काय हे या पोराला ठाऊक नाही. अंतरपाट दूर व्हायला अर्धं मिनिट लागत नाही. मुलीच्या बापाचा चेहरा ज्या क्षणी बदलतो तो क्षण अर्ध्या मिनिटाचाही नसतो. आणि बॅटरी संपायचा मुहूर्त हा गुरुजींच्या मुहूर्तापेक्षा अचूक असतो, हे ज्यानं चार लग्नं पाहिली तो कोणीही सांगेल. शिवाय ही बॅटरी काढायचं दार कुठे असतं? पुष्कळ कॅमेऱ्यांत ते असतं तळाला. आणि कॅमेरा स्टँडवर बसवायची पट्टी कुठे स्क्रूनं आवळलेली असते? तीही तळालाच. ती दाराच्या निम्म्यावर येऊन बसते. म्हणजे कॅमेरा स्टँडवरून उतरवा, पट्टीचा स्क्रू फिरवायला खिशात पंचवीस पैशाचं जुनं नाणं शोधा, दार उघडा, जुनी काढा, नवी घाला, पट्टी बसवा, पुन्हा चौकट जुळवा. तोवर इकडे सप्तपदी चौथ्या पावलावर. पोटाला पट्टा घट्ट आवळून माणसाला पंगतीला बसवायचं आणि घास घेताना दर वेळी पट्टा सोडायला लावायचं, अशी ही रचना. ती ज्यानं केली त्याला आमच्या उन्हाळ्यातल्या लग्नात कोटाटोपी घालून तीन तास उभा करावा.

आता दुसरा आरोपी, म्हणजे बोर्ड.

मांडवातला विजेचा बोर्ड ही एक सार्वजनिक संस्था आहे. त्याच्यावर मालकी कोणाचीच नसते आणि हक्क सगळ्यांचा असतो. एका भोकात माइकवाला, दुसऱ्यात रोषणाईवाला, तिसऱ्यात कुल्फीचा फ्रीज. चौथ्यात आमचा कॅमेरा लावायचा. मग काय होतं ते ऐका. एक पोरगं वायरीत पाय अडकून पडतं. पोराला लागत नाही, कारण पोरांना काही होत नाही, पण पिन निघते. ती पुन्हा लावतात तोवर एक मावशी येतात आणि अगदी प्रेमानं विचारतात, 'ही कुणाची रे? माझा मोबाईल लावते जरा, दहा टक्क्यांवर आलाय.' मावशींना नाही म्हणण्याची हिंमत कोकणात जन्मलेल्या माणसात नसते. त्यानंतर माइकवाल्याला आपल्या कर्ण्यात घरघर ऐकू येते आणि तो एकेक पिन उपटून घरघर कुठली ते शोधायला लागतो. एवढ्यातूनही कॅमेरा जगला वाचला, तर खुद्द लाईटच जाते. जनरेटरवाला 'एक मिनिट हं!' असं ओरडत पळतो आणि त्याचं एक मिनिट म्हणजे सात मिनिटं असतात.

'जनरेटर आहे की,' असं म्हणणाऱ्यालाही माझं उत्तर आहे. जनरेटर लाईट देतो तो लाईट गेल्यावर. मधल्या अंधारात कॅमेरा बंद पडायचा तो पडतोच. आणि असा गचकन बंद पडलेला कॅमेरा नुसता तेवढा तुकडा खात नाही. इथे थोडं आतलं सांगायला हवं, कारण पुष्कळांना हे माहीत नसतं. चित्रण चालू असताना कॅमेरा चित्र कार्डावर ओतत जातो, पण कुठलं चित्र कुठे ठेवलंय याची अनुक्रमणिका पुष्कळ कॅमेऱ्यांत शेवटी, आपण बटण दाबून चित्रण थांबवलं की मग लिहिली जाते. मधेच वीज तुटली तर अनुक्रमणिका राहते. पुस्तक सगळं छापलेलं, पण पानांवर आकडे नाहीत आणि बांधणी नाही. संगणक ती फाईल उघडायलाच नकार देतो. काही कॅमेरे पुन्हा चालू केल्यावर स्वतःच डागडुजी करतात, काही फाईली जाणकारांकडून दुरुस्त होतात, काही होत नाहीत. म्हणजे मावशींच्या दहा टक्क्यांपायी तासभराचं लग्न गेलं. तुम्ही म्हणाल, लग्न तर लागलंच ना? लागलं. पण मुलीची आई स्वयंपाकघरात होती, तिनं ते पाहिलं नव्हतं. ती व्हिडिओत पाहणार होती.

असं नाही की पूर्वी कॅमेऱ्याला फार चांगले दिवस होते. पण पूर्वी माणसं निदान प्रामाणिक होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हातानं फिरवायचा होता. बॅटरी नाही, पिन नाही, बोर्ड नाही. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो सूर्याच्या उजेडावर आणि मनगटाच्या जोरावर. तिथे मनगट दुखलं की कळायचं. पुढे १९६७ च्या सुमारास सोनीनं खांद्यावर घेऊन फिरायचा व्हिडिओचा संच काढला. त्यात कॅमेरा हातात आणि रेकॉर्डर बॅटरीसकट वेगळ्या पिशवीत, काखेला लावलेला. नंतर १९८२ च्या एशियाडबरोबर आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, त्यामागोमाग लग्नात व्हिडिओ शिरला. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल. पुढे कॅमेरा खांद्यावर घेतलेला जाडजूड गृहस्थ, त्याच्यामागे काखेत पेटी लटकावलेला मदतनीस, आणि त्याच्यामागे उंच काठीवर भगभगीत दिवा धरलेला पोऱ्या. दिव्याच्या उजेडात सगळं वऱ्हाड घामाघूम आणि नवरी डोळे मिटलेली. दिसायला ती वरात हास्यास्पद होती हे मला मान्य आहे. पण त्या पेटीवाल्या मदतनिसाचा अर्थ काय होता? कॅमेऱ्याचं पोट वेगळं आणि त्याची शिदोरी वेगळी, हे तेव्हाच्या लोकांना उघड कबूल होतं. मग कॅमेरे बारीक झाले, शिदोरी पोटात कोंबली गेली, आणि पोट भरलेलं दिसतं म्हणजे जेवण झालं असा समज पसरला.

याच्या भरीला एक गंमत युरोपातून आली. फोटो काढायच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ निघायला लागल्यावर कित्येक वर्षं त्यातले पुष्कळसे कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की आपोआप थांबायचे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे सलग अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणारं यंत्र युरोपच्या जकातवाल्यांच्या लेखी 'व्हिडिओ कॅमेरा' ठरायचं आणि त्यावर जास्त कर बसायचा. युरोपातली जकात वाचावी म्हणून बोर्लीतल्या वरातीचा व्हिडिओ तिसाव्या मिनिटाला तुटायचा. आता ती जकात गेली, नव्या पुष्कळ कॅमेऱ्यांतली मर्यादाही गेली. कॅमेरा रात्रभर चालायला तयार झाला, आणि नेमका त्याच वेळी त्याला पुरेसं खायला घालायला आपण तयार नाही.

आता बाहेरची बॅटरी म्हणजे काय, हेही सांगतो. नाहीतर लोक म्हणतील, हा नुसता भांडतोय.

गरिबाघरची म्हणजे पॉवर बँक. तिच्यावर मोठ्या अक्षरांत २०,००० असा आकडा असतो. तो मिलिअँपिअर-तासांचा. या आकड्याला भुलू नये. तो आतल्या ३.७ व्होल्टच्या पेशींचा असतो. गुणाकार करून हजारानं भागा, ७४ वॉट-तास येतात. व्होल्टेज वरखाली करताना काही गळती होते, हातात साठ-पासष्ट उरतात. तरीसुद्धा आपल्या ८ वॉटच्या कॅमेऱ्याला सात-आठ तास झाले. नवे कॅमेरे यूएसबीच्या भोकातून चालू स्थितीत जेवतात. जुने तसं जेवत नाहीत, त्यांच्यासाठी 'डमी' मिळते. डमी म्हणजे आकारानं हुबेहूब बॅटरी, आत काही नाही, फक्त एक वायर बाहेर आलेली. सोंग बॅटरीचं आणि काम नळीचं. दुसरा टोक बाहेरच्या मोठ्या बॅटरीला. श्रीमंताघरची म्हणजे व्ही-माउंट. विटेएवढी वस्तू, १४.८ व्होल्टची. बाजारात तिच्यावर पुष्कळदा ९८ किंवा ९९ वॉट-तास असं लिहिलेलं दिसतं. शंभर का नाही, असा प्रश्न आमच्या गणिताच्या मास्तरांना नक्की पडला असता. कारण असं, की विमानात बरोबरच्या सामानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा विचारणा न करता नेता येते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. बुटांच्या किमतीसारखं आहे ते, शंभराला एक कमी. आमच्या भागातली बरीच माणसं आखाती देशांत नोकरीला. भावाच्या लग्नाला येणारा पोरगा परफ्यूम, खजूर आणि ही वीट घेऊन उतरतो. वीट हातातल्या पिशवीत ठेवावी लागते, खाली टाकायच्या सामानात सुट्या बॅटरीला बंदी आहे, हेही त्याच्या आईला आता पाठ झालंय.

पण पॉवर बँकेतही एक खोच आहे. तिला दोन भोकं असतात. एकात कॅमेरा. दुसरं रिकामं भोक पाहून मावशी येतात. हो, त्याच. पुष्कळ पॉवर बँका दुसरं उपकरण खोचलं की क्षणभर पहिल्याचा पुरवठा तोडतात आणि नव्यानं वाटणी ठरवतात. घरात सून आली की सासू जशी सगळ्या किल्ल्या एकदा स्वतःकडे परत घेते, तसं. त्या क्षणात डमीवर चाललेला कॅमेरा मान टाकतो. ज्याच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे आणि वरून यूएसबीचं जेवण चालू आहे, तो मात्र निर्धास्त असतो. वरचं तुटलं तर पोटातलं खातो. म्हणून आमचा व्हिडिओच्या धंद्यातला भाचा दुसऱ्या भोकाला चिकटपट्टी लावतो आणि वर लिहितो, 'बिघडलेले आहे.' एरवी मी खोटेपणाचा पुरस्कर्ता नाही. पण या चिकटपट्टीला माझा जाहीर पाठिंबा आहे.

याच भाच्यानं एकदा मोठी बॅटरी मागवली, तेव्हा ती आमच्याकडे न येता बोर्ली मांडल्याला गेली. रायगड जिल्ह्यात दोन बोर्ल्या आहेत. ती मुरूड तालुक्यातली, आमची श्रीवर्धनमधली, मध्ये राजपुरीची खाडी. घरपोच आणणाऱ्या पोरानं पत्त्यावर 'बोर्ली' वाचलं आणि पुढचं वाचणं वेळेचा अपव्यय मानलं. भाचा दिघीहून आगरदांड्याची फेरीबोट पकडून ती घेऊन आला. परतल्यावर मी विचारलं, 'एवढी धावपळ कशाला? चार लहान बॅटऱ्या आहेत ना?' तो म्हणाला, 'मामा, चार वेळा थांबायला लागतं.' त्या एका वाक्यात सगळा वाद संपला होता, पण मला लेख लिहायचा असल्यामुळे मी तो पुढे चालवतो.

कारण खरा विरोधक अजून बोलायचाच आहे. तो म्हणतो, 'एवढं लांबलचक काढायचंच कशाला? आठ तासांचा व्हिडिओ बघतो कोण?'

प्रश्न चोख आहे. आठ तासांचा व्हिडिओ कोणीही बघत नाही. नवराबायकोही बघत नाहीत, त्यांना तर तो घडलेला असतो. पण आपण तांदूळ भरून ठेवतो ते एका दिवसात खायला नाही. आणि कोणता क्षण पुढे मोलाचा ठरणार, हे त्या क्षणाला माहीत नसतं, तर व्हिडिओवाल्याला कुठून असणार?

आमच्या कोकणातल्या गोष्टींची एक खोड आहे. त्या हळू तापतात. शक्ती-तुऱ्याचा सामना घ्या. शक्तीवाला शाहीर एकीकडे, तुरेवाला दुसरीकडे, एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. रात्री दहाला सुरू झालेल्या सामन्यात बारापर्यंत नमस्कार, गण आणि मानपान. खरी खडाजंगी रात्री दोन वाजता. तेव्हा शाहीर जागच्या जागी जी ओळ जुळवतो ती वहीत नसते, दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाही धड आठवत नाही. रायगडच्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते. तासन् तास गाते, एकाही कागदाकडे न बघता. तिनं ते सासूकडून किंवा आईकडून कानानं उचललेले. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, तिला घड्याळ बांधता येत नाही. या सगळ्याला दोन तासांची बॅटरी म्हणजे समुद्राला लोटा.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात घाणा भरताना घरातली सगळ्यात म्हातारी आजी ओव्या म्हणायला बसली. नव्वदीला टेकलेली. आधी म्हणाली, मला नाही आठवत. मग म्हणाली, सर्दी झाली आहे. मग सुनांनी फार आग्रह केला तेव्हा तिनं जात्याचा खुंटा धरला, आणि पहिला अर्धा तास सगळ्यांना ठाऊक असलेल्या ओव्या म्हटल्या. त्यानंतर तिला काय झालं कुणास ठाऊक. तिच्या आईच्या ओव्या यायला लागल्या. घरातल्या कोणी कधी न ऐकलेल्या. कुठल्याशा गलबतावर गेलेल्या आणि परत न आलेल्या भावाची एक होती. बायका काम थांबवून ऐकत राहिल्या. कॅमेरा समोर होता, पिन भिंतीवरच्या बोर्डाला होती. भावाच्या ओवीच्या दुसऱ्या चरणावर लाईट गेली. कोणी म्हणालं, 'आजी, थांब हं, लाईट येऊ दे.' आजी म्हणाली, 'लाईटीचं काय काम गं, मला तोंडानं म्हणायचंय.' आणि अंधारात ती म्हणत राहिली. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. आज त्या घरात तिच्या ओव्यांचा जो व्हिडिओ आहे, त्यात सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या ओव्याच आहेत.

त्या दिवशी मांडवाला रोषणाई होती, आइस्क्रीम दोन प्रकारचं होतं. हजार-पंधराशेची पॉवर बँक तेवढी नव्हती.

ज्यांना वाटतं हे लग्नाकार्यापुरतं आहे, त्यांनी ३ जून २०२० आठवावा. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, आमचा सगळा पट्टा त्याच्या तोंडी. ज्या रोठा सुपारीच्या नावावर श्रीवर्धन ओळखलं जातं, तिच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. नारळ पडले, पत्रे उडाले, विजेचे खांब ऊस मोडावा तसे मोडले. किती तरी गावांत लाईट यायला आठवड्यांवर आठवडे गेले. त्या दिवसांत माणसाची किंमत त्याच्या शेतीवाडीवर ठरत नव्हती, त्याच्याकडे चार्जिंग आहे की नाही यावर ठरत होती. गाड्यांच्या बॅटऱ्यांवर फोन लागले. जनरेटर असलेल्याच्या ओटीवर मोबाईलांची पंगत बसली. मुंबईतल्या मुलाला 'आम्ही बरे आहोत' सांगायचं होतं. साहेब पंचनाम्याला येईपर्यंत पडलेल्या वाडीचा फोटो काढून ठेवावा असं प्रत्येकाला वाटत होतं. ज्या मुलाला आम्ही 'कशाला इतक्या बॅटऱ्या जमवतोस' म्हणत होतो, त्याची ती काळी वीट त्या आठवड्यात आळीभर फिरली. डॉक्टर फिरावा तशी फिरली. कॅमेऱ्यासाठी आणलेल्या बॅटरीनं आधी माणसांना वाचा दिली, आणि मग त्याच बॅटरीवर भाच्यानं पडलेल्या वाड्या टिपल्या. आज नवी रोपं उभी राहिलेल्या जागी पूर्वी काय होतं आणि मध्ये काय झालं, ते पोरांना दाखवायला निदान तेवढं तरी आहे.

ही लिथियमची विद्या काही आकाशातून पडलेली नाही. १९९१ साली अशा बॅटऱ्या पहिल्यांदा बाजारात आल्या, त्याही सोनीच्याच. आणि ज्या तिघांनी त्या घडवल्या त्यांना २०१९ साली नोबेल मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. म्हणजे बॅटरी टिकवायची विद्या शोधणारा माणूस स्वतःही चांगला टिकला होता. इतकी अक्कल जगानं खर्च करून ठेवली आहे, दुकानात ती मिळते आहे, आणि आम्ही मात्र सभामंडपात ओरडतोय, 'अरे, कोणाकडे एक्स्टेंशन आहे का?'

तेव्हा माझ्या अशिलाच्या वतीनं मागण्या अशा. ज्या दिवशी चित्रण दोन तासांच्या वर जाणार, त्या दिवशी कॅमेऱ्याला निदान आठ तासांचं बाहेरचं जेवण हवं. पोटातली बॅटरी पूर्ण भरलेली आणि आतच हवी, बाहेरचं तुटलं तर गाठीला म्हणून. वायर स्टँडच्या पायाला बांधलेली हवी, पोरं धावणारच आहेत. वीट उन्हात ठेवू नये, तिला आमच्यासारखाच मे महिना सोसत नाही. दुसऱ्या भोकाला चिकटपट्टी हवी. आणि मांडवातल्या बोर्डाचा उपयोग फक्त एका कामासाठी करावा: लाईट आहे तोवर मावशींचा मोबाईल तिथे लावावा, म्हणजे त्या इकडे येणार नाहीत.

व्हिडिओवाल्यानं यासाठी हजार रुपये जास्त मागितले तर घासाघीस करू नये. फुलवाल्याशी करा, फुलं संध्याकाळी सुकणारच आहेत. आणि पानं मोजायला बसाल तेव्हा व्हिडिओवाल्याची तीन पानं लिहून झाल्यावर पेन्सिल लगेच खाली ठेवू नका. त्या पोराला हाक मारून विचारा, 'तुमची तीन पानं लिहिली रे. आणि ह्याच्या जेवणाचं काय?'

तो पिशवीतून काळी वीट काढून दाखवेल तर त्याला एक जिलबी जास्त वाढा. आणि 'बोर्ड कुठाय?' असं विचारेल, तर दुसरा व्हिडिओवाला बघा. अजून पंधरा दिवस आहेत.